चित्रकाराने बोलावे, आपल्या भाषेत बोलावे

मुंबईत काळा घोडा परिसरात १९५२ पासून उभ्या असलेल्या जहांगीर कलादालनात कोणत्याही सुट्टीच्या दिवशी एक दृश्य हमखास पाहायला मिळते. शेजारचे वस्तुसंग्रहालय पाहून दमलेले एखादे मध्यमवर्गीय कुटुंब दालनात शिरते. आई-वडील, दोन मुले, क्वचित सोबत आजोबा. प्रवेशाला तिकीट नसल्याने संकोच थोडा कमी असतो. पहिल्या दोन-चार चित्रांपाशी मंडळी थबकतात, एकमेकांकडे पाहतात आणि मग भिंतीवर लावलेले चित्रकाराचे निवेदन वाचू लागतात. ते बहुधा इंग्रजीत असते, आणि ज्याला उत्तम इंग्रजी येते त्याच्याही हाती त्यातून फारसे काही लागत नाही. शब्द जड, वाक्ये लांबलचक, आणि चित्र कशातून सुचले याचा त्यात पत्ता नाही. पाच मिनिटांत कुटुंब बाहेर पडते. ‘बाबा, हे काय आहे?’ हा धाकट्याचा प्रश्न अनुत्तरित राहतो.

या पाच मिनिटांत समाजाचे आणि कलावंताचे जे नाते तुटते, ते पुढे सहसा जुळत नाही. बाहेर पडलेला गृहस्थ मनाशी एवढेच ठरवतो, की हे आपल्यासाठी नाही. तिकडे चित्रकारही समजूत करून घेतो की आपल्या समाजाला कलेची जाण नाही. दोघांचीही समजूत चुकीची आहे. मधला दुवा असतो तो कलावंताच्या स्वतःच्या शब्दांचा, आणि त्या शब्दांकडेच सध्या सर्वाधिक दुर्लक्ष होत आहे.

चित्र हे स्वयंपूर्ण असते, त्याला शब्दांच्या कुबड्या कशाला, असा आक्षेप यावर घेतला जातो. त्यात तथ्य आहे. नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेले आणि गिरगावातल्या चाळीत वाढलेले गोमंतकीय कुळातील वासुदेव गायतोंडे हे या मौनपंथाचे अध्वर्यू म्हणता येतील. वर्षाकाठी मोजकी पाच-सहा चित्रे करायची, त्यांना नाव द्यायचे नाही आणि त्यांविषयी जवळजवळ बोलायचे नाही, असे त्यांचे व्रतच होते. झेन विचाराने भारलेल्या या चित्रकाराला मौन हाच आपल्या कलेचा उगम वाटत असे. पण अशा मौनाची किंमत काय होते, हेही पाहिले पाहिजे. २००१ मध्ये गायतोंडे गेले तेव्हा सर्वसामान्य मराठी घरात त्यांचे नावही ठाऊक नव्हते. ते ठाऊक झाले ते २०१३ च्या डिसेंबरात, मुंबईच्या एका लिलावात त्यांच्या एका चित्राला तेवीस कोटींहून अधिक रुपये मिळाले तेव्हा. चित्रकाराने रिकामी ठेवलेली जागा रिकामी राहत नाही, तेथे आकडा येऊन बसतो. सतीश नाईक यांनी ‘चिन्ह’तर्फे २०१६ मध्ये ‘गायतोंडे’ हा मराठी ग्रंथ सिद्ध केला आणि त्या आकड्यामागचा माणूस मराठी वाचकाला भेटला. तो ग्रंथ निघेपर्यंत गायतोंडे जाऊन पंधरा वर्षे झाली होती.

मौन हा प्रत्येक चित्रकाराचा स्वभाव नसतो, आणि बोलणाऱ्या चित्रकारांची परंपरा मराठीला मुळीच परकी नाही. रावबहादूर धुरंधरांनी १९४० मध्ये ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ हे आत्मकथन लिहिले. द. ग. गोडसे यांनी ‘पोत’मधून १९६३ मध्ये कलाव्यवहाराची एक स्वतंत्र दृष्टीच मराठीला दिली. या मालिकेतील सर्वांत मोलाचे पुस्तक मात्र प्रभाकर बरवे यांचे आहे.

१९३६ मध्ये अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले बरवे जे. जे. कला महाविद्यालयात शिकले आणि १९६१ च्या सुमारास विणकर सेवा केंद्राच्या नोकरीत वाराणसीला गेले. काशीच्या त्या वास्तव्यात यंत्राकृती, तांत्रिक चिन्हे आणि त्यांमागचे गूढ तत्त्वज्ञान यांनी त्यांना झपाटले. आरंभीच्या चित्रांवर ही छाया स्पष्ट आहे. एवढ्यावर ते थांबले असते तर भारतीय मुळांचा चित्रकार हे बिरूद त्यांना आयुष्यभर पुरले असते आणि बाजारानेही ते आनंदाने मिरवले असते. बरव्यांनी तसे केले नाही. उसने प्रतीक कितीही पवित्र असले तरी ते स्वतःच्या अनुभवातून उगवलेले नसेल तर चित्रात निर्जीव राहते, हे ओळखून ते पुढे निघाले. मग त्यांच्या कॅनव्हासवर आले ते पान, घड्याळ, किल्ली, टाचणी, लिफाफा, ढग. साध्या घरातल्या साध्या वस्तू. त्या वस्तूंमधील अंतर, त्यांच्या सावल्या, त्यांच्याभोवतीचा अवकाश यांतून त्यांनी एक चिंतन उभे केले. रंग वापरला तोही बहुधा एनॅमलचा, दारे-खिडक्यांना लावतात त्या जातीचा.

आणि हे सारे त्यांनी लिहून ठेवले. वर्षानुवर्षे ते रोजनिशी लिहीत. त्यात रेखाटने असत, टिपणे असत, स्वतःला विचारलेले प्रश्न असत. त्या मननातून १९९० मध्ये मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केलेले ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक आकाराला आले. चित्र सुरू होण्यापूर्वी चित्रकाराच्या मनात काय चालते, आकार कसा सुचतो, वस्तू आणि तिची प्रतिमा यांत काय फरक असतो, हे त्यांनी मराठी माणूस बोलतो त्या मराठीत सांगितले. परकीय कलासमीक्षेतून उचललेल्या संज्ञांच्या टेकूशिवाय सांगितले. पाच वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यांचे अकाली निधन झाले. शांता गोखले यांनी केलेला या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये आला. मूळ मराठी आणि मागाहून इंग्रजी, असा हा प्रवास आहे. आपल्या भाषेत आधुनिक कलेविषयी बोलता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा. अर्थात, ‘कोरा कॅनव्हास’ किती मराठी घरांतल्या कपाटात आहे, हा प्रश्न विचारला तर मान खाली घालावी लागेल, तीही चित्रकारांना नव्हे.

भाषा आणि प्रेरणा यांचे नाते किती खोल असते, याचे दुसरे उदाहरण सय्यद हैदर रझा यांचे आहे. मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी १९२२ मध्ये एका वनखात्यातील अधिकाऱ्याच्या घरी जन्मलेला हा मुलगा शाळेत चंचल होता. मुख्याध्यापकांनी एके दिवशी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे एकाग्रतेने पाहत बसायला सांगितले. ही आठवण रझा आयुष्यभर सांगत राहिले. नागपूर आणि मुंबई येथे शिक्षण घेऊन १९५० मध्ये ते शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले, तेथेच स्थायिक झाले, १९५६ मध्ये तिथल्या समीक्षकांचा मानाचा पुरस्कारही त्यांनी मिळवला. नाव झाले, पैसा आला. आणि तरीही, यशाच्या ऐन भरात, आपल्या चित्रात आपले असे काय आहे, हा प्रश्न त्यांना छळू लागला. सत्तरच्या दशकात भारताच्या वाऱ्या वाढल्या आणि शाळेच्या भिंतीवरचा तो ठिपका बिंदू होऊन कॅनव्हासवर उतरला. पुढे अंकुरण आले, कुंडलिनी आली, प्रकृती-पुरुष आले. १९८१ च्या ‘माँ’ या चित्रात तर त्यांनी हिंदी कवितेची ओळ देवनागरीत रेखली. पॅरिसमध्ये राहून, फ्रेंच ग्राहकाला ती अक्षरे वाचता येणार नाहीत हे माहीत असताना!

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मुस्लिम घरात जन्मलेल्या या चित्रकाराला बिंदू आणि कुंडलिनी यांची भाषा परकी वाटली नाही. ती त्याला गावच्या शाळेने, जंगलाने आणि मातीने दिली होती. संस्कृतीचे संक्रमण असे होत असते. २०१० च्या अखेरीस रझा कायमचे मायदेशी परतले आणि २०१६ मध्ये दिल्लीत निवर्तले. त्यांच्या इच्छेनुसार मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले.

डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना ना फ्रेंच येत होते ना प्रमाण मराठीची सवय होती. बालपणी आई गेल्यावर बोलणेच थांबलेला हा मुलगा धुळीत आकृती काढून मनातले सांगू लागला, असे सांगतात. लग्नाच्या चौकाचे लेखन हे वारली समाजात सवाशिणींचे काम. म्हसे ते रोज करू लागले, तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने, आणि विधीच्या चौकटीबाहेर काढून जगापुढे मांडू लागले. माणसे, पाखरे, मासे, मुंग्या, दिवस-रात्र, सारे चालते-फिरते आहे आणि ही चाल म्हणजेच जीवन, असे काहीसे ते आपल्या चित्रांविषयी सांगत. चार वाक्यांच्या त्या सांगण्याने चित्र उघडते. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. दालनांतल्या पानभर निवेदनांना जे साधत नाही ते या निरक्षराप्राय कलावंताला कसे साधले, याचा विचार कला शिकवणाऱ्यांनी अवश्य करावा.

शहरी, सुशिक्षित चित्रकारांतही असे साधेपण सांभाळणारे आहेत. ठाण्यात तीस वर्षे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केलेले डॉ. सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांत इराणी हॉटेलातील गिऱ्हाईक, लोकलचा प्रवासी, गिरणगावातला कामगार दिसतो. ज्याचे चित्र काढले त्याने ते पाहावे, ही त्यांची धडपड आहे. या धडपडीतूनच त्यांनी २००८ मध्ये समकालीन भारतीय चित्रांचे ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे फिरते प्रदर्शन मुंबईबाहेर, महाराष्ट्रातल्या शहरांत नेले. २०२५ मध्ये पद्मश्रीने गौरवलेले वासुदेव कामत आणि अच्युत पालव या दोघांनी व्यक्तिचित्रण आणि सुलेखन ही आपापली कला भर सभेत, लोकांसमोर, हात चालवत समजावून सांगण्याची वहिवाटच पाडली आहे. अशा प्रात्यक्षिकाला सभागृह भरते. समाजाला कलेची जाण नाही म्हणणाऱ्यांनी ती गर्दी जाऊन पाहावी.

मात्र समाजाचीही झाडाझडती घ्यायला हवी. एके काळी दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची चित्रे दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून आणि दिनदर्शिकांवरून घरोघरी पोहोचत. त्या घरांतली मुले आज एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा देतात, दहावीला त्यांचे वाढीव गुण मिळवतात आणि दुसऱ्या दिवशी रंगपेटी माळ्यावर टाकतात. रंगपेटी माळ्यावर कोणाच्या सांगण्यावरून जाते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. ज्या घरात चित्र म्हणजे गुण, त्या घरासाठी चित्रकाराने मराठीत तरी का बोलावे?

साधनांची वानवा नाही. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादिलेला ‘शिल्पकार चरित्रकोशा’चा दृश्यकला खंड २०१३ मध्येच आला असून त्यात महाराष्ट्रातील चित्रकार-शिल्पकारांच्या आयुष्याची आणि कामाची नोंद मराठीत उपलब्ध आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने समारंभ पुष्कळ झाले, पण आजच्या चित्रकलेविषयी आजच्या मराठीत कसे बोलावे, हा विषय त्यांत फारसा निघाला नाही. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या जे. जे. ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. आपला अभ्यासक्रम ठरवण्याची मोकळीक त्यामुळे संस्थेला लाभली. पदवीच्या अखेरच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या कामाविषयी मातृभाषेत दोन पाने लिहावीत आणि ती समोर बसलेल्या, कलाक्षेत्राबाहेरच्या चार माणसांना वाचून दाखवावीत, एवढी अट घालायला मंत्रालयाच्या परवानगीची गरज नाही. दालनांनीही इंग्रजी निवेदनाशेजारी मराठी निवेदन लावण्याचा आग्रह धरावा. मात्र ते अनुवादकाकडून करून घेतलेले नसावे, चित्रकाराने स्वतः लिहिलेले असावे. ते मोडके-तोडके असले तरी चालेल. बरव्यांच्या रोजनिशीतही खाडाखोड आहेच.