प्लगिनचा करार : ईसिमच्या निमित्ताने

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते असे सॉफ्टवेअर, अनेक संगणकप्रणालींवर चालवायचे असेल तर त्यात प्लगिन ठेवूच नयेत, सारे एकाच फाइलमध्ये बांधून द्यावे, असा पक्ष हिरिरीने मांडला जातो. प्लगिन म्हणजे चालू प्रोग्रामला बाहेरून जोडता येणारा भाग. तो बहुधा शेअर्ड लायब्ररीच्या रूपात असतो आणि या लायब्ररीची घडण लिनक्स, विंडोज व मॅकओएसवर वेगवेगळी असते. या पक्षाचा आधार खोटा नाही. प्लगिनने वापरलेली पण त्याच्यात नसलेली फंक्शनांची नावे लिनक्सवर लोड होतेवेळी मूळ प्रोग्रामातून भरून घेता येतात. विंडोजवर मात्र डीएलएल, म्हणजे तिथली शेअर्ड लायब्ररी, बांधतानाच प्रत्येक नाव कोठून येणार हे सांगावे लागते. शिवाय एका डीएलएलने घेतलेली मेमरी निराळी सी रनटाइम लायब्ररी वापरणाऱ्या दुसरीने मोकळी केली, तर प्रोग्राम कोसळू शकतो.

तरीही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, हे पवईच्या आयआयटी मुंबईतील फॉसी प्रकल्पाच्या ईसिम या सर्किट-आरेखन सॉफ्टवेअरवरून दिसते. ईसिमच्या पोटात एनजीस्पाइस हा सिम्युलेटर आहे आणि त्याला प्लगिनसारखे जोडले जाणारे 'कोड मॉडेल' ही शेअर्ड लायब्ररीच असते. लोड होताच एनजीस्पाइस तिच्या हाती आपल्या फंक्शनांच्या पत्त्यांचा एक तक्ता देतो. मेमरी मागण्याची आणि परत करण्याची फंक्शनेही त्यातच असतात. त्यामुळे प्लगिनला मूळ प्रोग्रामातील नावे शोधत बसावे लागत नाही, आणि मेमरी जिथून घेतली तिथेच परत जाते. प्रणालीभेद नाहीसा होत नाही, पण तो एका अरुंद दारापुरता उरतो. उलट ईसिममध्ये विद्यार्थ्याने व्हीएचडीएल या हार्डवेअर-वर्णनाच्या भाषेत लिहिलेल्या मॉडेलपासून सी संहिता तयार होते आणि ती त्याच्याच संगणकावर कंपाइल होऊन कोड मॉडेलमध्ये जाते. सारे एकाच फाइलमध्ये बांधायचे तर प्रत्येक नव्या मॉडेलसाठी अख्खा एनजीस्पाइस पुन्हा बांधावा लागेल.

दुसरा आक्षेप असा की, विद्यार्थ्यांनी सरळ लिनक्सच वापरावे. लिनक्सचा प्रसार व्हावा, यात वाद नाही. पण कर्जत स्थानकालगतच्या भिसेगावात ज्या घरी एकच लॅपटॉप आहे, त्यावर विंडोज आहे आणि तो भावंडांत वाटून वापरला जातो, तिथे प्रणाली बदलणे हा एकट्या विद्यार्थ्याचा निर्णय नसतो. प्लगिन लोड झाले नाही की त्याच्यासमोर विंडोजचा १२६ क्रमांकाचा दोष येतो : मॉड्यूल सापडले नाही. फाइल तर फोल्डरमध्ये डोळ्यांसमोर असते. सापडत नसते ती त्या फाइलला लागणारी दुसरीच डीएलएल, आणि तिचे नाव संदेशात नसते. हा दोष शोधण्याचे ओझे विद्यार्थ्यावर टाकणे अन्यायाचे आहे. ते सॉफ्टवेअर बांधणाऱ्याने उचलावे, आणि तेही स्वतःच्या संगणकावर नव्हे, कारण तिथे कंपायलरसोबत आलेल्या डीएलएल आधीच हजर असतात व उणीव झाकली जाते. प्रत्येक आवृत्ती विकासकाची कोणतीही अवजारे नसलेल्या कोऱ्या विंडोजवर बसवून, प्रत्येक प्लगिन तिथे प्रत्यक्ष लोड करून पाहिल्यावरच प्रसिद्ध व्हावी.