दरडीतून वाचलेल्या मुलांचे पालकत्व

नवी मुंबईला पाणी पुरवणाऱ्या मोरबे धरणाच्या परिसरात, इर्शाळगडाच्या उतारावर ठाकर समाजाची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. बेपत्ता असलेल्या ५७ जणांना पुढे मृत घोषित करण्यात आले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. भर पावसात चढून जाताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. वाडीतली काही मुले आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. आईवडील गमावलेल्या २ ते १४ वर्षांच्या मुलांचे पालकत्व डॉ. श्रीकांत शिंदे फाउंडेशन घेईल, असे तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी जाहीर केले. घरे बांधण्याचे काम सिडकोकडे गेले.

घरे दिसतात, मोजता येतात. मुलांची सुरक्षितता तशी मोजता येत नाही. दरडीखाली जन्मदाखला, शिधापत्रिका, आधार सगळेच जाते आणि मामा किंवा काका म्हणून पुढे आलेला माणूस खरा की खोटा, हे ठरवायला कागद उरत नाही. म्हणून बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार पालक नसलेले मूल २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. समिती आधी नातेवाइकांचा शोध घेते. संस्था हा शेवटचा पर्याय. कायद्याबाहेर मूल दत्तक दिले-घेतले तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखाचा दंड, अथवा दोन्हीही होऊ शकते. अशा मुलाचे नाव वा छायाचित्र छापायलाही बंदी आहे. मदतीच्या कार्यक्रमांत नेमके हेच पाळले जात नाही. धनादेशासोबत मुलाला उभे केले जातेच.

हैतीमध्ये जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकेतील दहा मिशनरी ३३ मुलांना सीमेपार नेताना पकडले गेले. ती अनाथ असल्याचा त्यांचा दावा होता. बहुतेकांचे आईवडील जिवंत निघाले. हेतू चांगला असला तरी नोंदीविना मूल हलवणे किती घातक, हे त्यातून दिसले.

महाराष्ट्रातले उदाहरण वेगळे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्यात आणले आणि वाघोलीच्या प्रकल्पात त्यांच्या शिक्षणाची सोय केली. मुले गावापासून दूर गेली खरी, पण एका गटाने आणि दीर्घकाळच्या जबाबदारीवर गेली. एवढी तयारी नसेल, तर मूल आजी-मावशीकडेच राहिलेले बरे आणि पैसा तिथे पोहोचलेला बरा. बालसंगोपन योजनेत राज्य सरकार अशा मुलासाठी महिन्याला २२५० रुपये देते, तर केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वाची रक्कम ४००० रुपये आहे. वाढत्या मुलाला ती पुरत नाही. खासगी प्रायोजकाची खरी जागा या तुटीत आहे.

परदेशातून देणगी येणार असेल, तर ती घेणाऱ्या संस्थेकडे विदेशी योगदान कायद्याखालची परवानगी हवी. देणगीदाराने मुलाचा फोटो मागू नये. समितीच्या आदेशाने ते मूल कोणाकडे आहे, शाळेत हजर असते का आणि अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत मदत चालू राहील का, एवढेच संस्थेला विचारावे. आपत्तीच्या ठिकाणी एकटे मूल दिसले, तर स्वतः घेऊन न जाता १०९८ ला फोन करावा.