'गॅप'चं कलम दाखवा!

"गॅप पडली की वकिली संपली" हे वाक्य गेल्या दोन वर्षांत मी इतक्या वकिलांच्या तोंडून ऐकलंय, की मला वाटलं ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये तसं कलमच असणार. नाहीये! उलट बार कौन्सिलचा नियम अगदी साधा आहे. प्रॅक्टिस थांबवायची तर राज्याच्या बार कौन्सिलला कळवून सनद जमा करा. पुन्हा सुरू करायची तर अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्या. (आमच्या एचआरला हा नियम फ्रेम करून भेट द्यावा म्हणतो.)

माझ्या थोरल्या मावसबहिणीला २००५ साली सनद मिळाली. सहा वर्षं तिने शिवाजीनगर कोर्टात दिवाणी दावे चालवले. २०११ मध्ये नवऱ्याबरोबर एच-फोर व्हिसावर न्यू जर्सीला गेली, तिथे दोन मुलं झाली, २०२३ मध्ये सगळे पुण्यात परत. आता जो तो विचारतो, "मॅडम, मधली बारा वर्षं काय केलंत?"

अहो, काय करणार होती? २६ मे २०१५ पर्यंत एच-फोरवाल्यांना तिथे नोकरी करायची परवानगीच नव्हती. नंतर मिळाली तीही सरसकट नाही. नवऱ्याची ग्रीन कार्डाची फाईल ठरावीक टप्प्यापर्यंत सरकली असेल तरच. त्यातून आपली सनद तिकडे चालत नाही, त्या त्या राज्याची बार परीक्षा द्यावी लागते. म्हणजे निम्मी गॅप सरकारी आहे. आणि गंमत बघा. तीच बारा वर्षं, तेच घर, तोच पत्ता. भावजींच्या सीव्हीत त्याला 'यूएस एक्स्पोजर' म्हणतात आणि पगार वाढतो. ताईच्या सीव्हीत ती 'गॅप'!

यावर वकीलसाहेबांचं ठरलेलं उत्तर म्हणजे "कायदा केवढा बदललाय!" बदललाय ना. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले, आणि चाळीस वर्षं आयपीसीची कलमं तोंडपाठ असणारे दिग्गजही नव्या कलमांचे तक्ते घेऊन बसले. त्यांना कुणी 'तुमची गॅप पडली' म्हणालं? आणि ताईचं काम तर दिवाणी. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची, मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा. तिने जाताना दुसऱ्या वकिलाकडे सोपवलेला एक वाटपाचा दावा अजून बोर्डावर आहे!! गॅप नक्की कुणाची पडलीय?

तरी चेंबरमध्ये मिळालेली ऑफर काय, तर "बसा येऊन, शिका. पैशाचं नंतर बघू." दुसऱ्या एका सीनियरनी तर परस्पर ठरवूनच टाकलं, की घरची जबाबदारी असल्यामुळे त्यांनी ड्राफ्टिंगच करावं, कोर्टात उभं राहायला दुसरे आहेत. विचारलंय कोणी? मुलं शाळेत जातात, मोठा चौदाचा आहे.

न्यायाधीश व्हायचं म्हणाल तर त्याहून मजा. थेट जिल्हा न्यायाधीश होण्यासाठी घटनेच्या कलम २३३ प्रमाणे सात वर्षं वकिली लागते. २०१३ च्या दीपक अगरवाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ही सात वर्षं अर्जाच्या लगतची हवीत, पूर्वी कधीतरी केलेली चालणार नाहीत. कारण? कलमातला 'हॅज बीन' हा काळ. सहा अधिक दोन आठ होतात, पण ताईच्या खात्यात दोनच. शाळेत इंग्रजी व्याकरणाचा इतका धसका कुणी घेतला नसेल. बरं, ऑक्टोबर २०२५ मध्ये घटनापीठाने न्यायिक सेवेतल्यांसाठी आधीची वकिली आणि नंतरची नोकरी यांची बेरीज मान्य केली. म्हणजे बेरीज येते त्यांना! मग सनद जमा करून, रीतसर कळवून, मुलं वाढवायला थांबलेल्या बाईची आधीची सहा वर्षं मोजायला काय हरकत आहे?

"वकिली हा स्वतंत्र व्यवसाय, इथे एचआर-बिचआर नसतं" हेही ऐकवतात. मग तर सोपंच आहे की. टाटा समूहाने २००८ मध्ये ब्रेक घेतलेल्या बायकांसाठी सेकंड करिअर इंटर्नशिप काढली, तेव्हा त्यांना किती मीटिंगा घ्याव्या लागल्या असतील. तुम्हाला फक्त एक खुर्ची सरकवायचीय.

वाचणाऱ्यांत कोणी सीनियर वकील असतील तर जरूर कळवा. तिला वकीलपत्रावर स्वतःच्या नावाने सही करू द्याल आणि पहिल्या महिन्यापासून पैसे द्याल, एवढं मात्र आधी कबूल करा.