बायको इथंच राहणार, तरी तिची पीसीसी लागते

मंडळी, आपल्या कर्जत तालुक्यातून कुणी कॅनडाच्या पीआरसाठी अर्ज करत असेल तर हे वाचाच.

काही एजंट सांगतात, "बायको सोबत येत नाही ना? मग तिचं नाव टाकू नका." हा सल्ला घातक आहे. बायको गावीच राहणार असली तरी तिचं नाव द्यावंच लागतं, तिची मेडिकल आणि पोलीस क्लिअरन्सही मागतात. लपवलं तर पुढं तिला बोलावून घेण्याची वाट बंद होऊ शकते. खोटी माहिती ठरली तर 5 वर्षं बंदी!

खरी अडचण इथली आहे. पासपोर्ट ऑफिसची पीसीसी 500 रुपयांत होते, पण त्यासाठी आधी पासपोर्ट हवा. अनेक बायकांकडे तोच नसतो. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, लग्नाची नोंदच नाही. आणि नवऱ्याची फाईल अडली की बोलणी मात्र तिलाच!

माझ्या मते नियम योग्यच आहे, त्यात बायकोचा पुढचा हक्क शाबूत राहतो. म्हणून लग्नाची नोंद आणि तिचा पासपोर्ट आधी करा, एजंट नंतर गाठा. लोकप्रतिनिधींनीही कर्जतला पासपोर्टचं शिबिर लावावं. नगरच्या खेपा तरी वाचतील.

पटलं तर शेअर करा.