पाहुणा कीं परीक्षक?

परदेशांत धर्मप्रचारासाठीं गेलेला मिशनरी एखाद्या रविवारीं दूरच्या खेड्यांतील प्रार्थनामंदिरांत जातो. दुभाष्याच्या साहाय्यानें उपदेश करतो, मुलांना खाऊ वांटतो, छायाचित्रें काढतो आणि सायंकाळीं शहरांतील मुक्कामास परततो. मायदेशीं गेल्यावर, आपण तेथील मंडळीला उत्तेजन देऊन आलों, असें तो मोठ्या समाधानानें सांगतो. आणि ऐकणारेही माना डोलावतात. ह्या समाधानाविषयींच आमची तक्रार आहे. ज्या भेटीनें यजमान लहान होतो आणि पाहुणा मोठा होतो, ती कितीही सद्हेतूनें दिलेली असो, तिला सेवा म्हणणें आम्हांस मान्य नाहीं.

खेड्यांतील मंडळी कांहीं पाहुण्याच्या पायगुणानें उभी राहिलेली नसते. जन्म, विवाह, मरण, दुष्काळ अशा सर्व प्रसंगीं तिचा पाळक तिच्यापाशीं असतो. वर्षाचे बावन्न रविवार तो बोलतो, तें तिच्याच भाषेंत आणि तिच्याच शेतांतले दाखले देऊन. अशा पाळकास एका बाजूस बसवावयाचें, आणि त्या गांवीं यंदा पाऊस पडला कीं नाहीं हेंही ज्यास ठाऊक नाहीं अशा गृहस्थास व्यासपीठावर उभें करावयाचें, यांत आदरातिथ्य असेल. उपदेश तो कितीसा? मंडळी मात्र एक धडा नक्की शिकते, तो हा कीं, खरा अधिकार दुरून येतो!

व्याख्यानाहून थैली अधिक घातक. पाहुण्यानें छपरासाठीं रक्कम दिली म्हणजे गांवकऱ्यांनीं मूठमूठ धान्य सांठवून जमविलेल्या वर्गणीची किंमत त्यांच्याच मनांतून उतरते. हें ओळखणारा एक पाहुणा इतिहासांत होऊन गेला. चीनमध्यें अनेक वर्षें काम केलेले जॉन नेव्हिअस १८९० सालीं तरुण मिशनऱ्यांच्या बोलावण्यावरून कोरियांत सेऊल येथें गेले. मुक्काम अवघा दोन आठवड्यांचा. परंतु मागें राहिली ती देणगी नव्हे, तर एक पद्धति. उपदेशकाचा निर्वाह त्याच्या मंडळीनें करावा, प्रार्थनामंदिर लोकांनीं आपल्या पैशानें व आपल्या देशाच्या रीतीनें बांधावें, हें तिचें सार. तेथील प्रेस्बिटेरियन मिशननें ती स्वीकारली. कोरियांतील मंडळीच्या वाढीस इतरही कारणें होतीं, हें खरें. तरी आज दक्षिण कोरिया स्वतःच परदेशीं मिशनरी पाठवितो, हें दृश्य दानशूर पाहुण्यांनीं विचारांत घेण्यासारखें आहे.

येथें कोणी म्हणेल, परदेशी मिशनऱ्यांनीं शाळा काढल्या, दवाखाने काढले, तें तुम्ही विसरतां काय? मुळींच नाहीं. सिंथिया फरार ह्या अमेरिकन बाई १८२७ सालीं मुंबईस आल्या. पुढें अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें त्यांनीं मुलींच्या शाळा चालविल्या. त्यांचें काम पाहिल्यावर जोतीराव फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढली. फरारबाईंना मृत्यूही १८६२ सालीं नगरासच आला. हें उदाहरण आमच्या विरुद्ध नसून आमच्याच बाजूचें आहे. त्या राहिल्या, नुसत्या येऊन गेल्या नाहींत. त्यांच्या आयुष्यभराच्या पुण्याईवर एका दिवसाच्या पाहुण्यानें हक्क सांगूं नये.

आणि यजमानांनीं आपलें मागणें सांगितलें नाहीं असेंही नाहीं. १९१० सालीं एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेंत व्ही. एस. अझरिया यांनीं मिशनऱ्यांच्या त्यागाचा गौरव केला, आणि अखेरीस त्यांच्यापाशीं मागितली ती मैत्री. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्तभक्तीला अभंगाची वाणी दिली. आणि १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून, ह्या भूमीच्या वृत्तीनें ख्रिस्ताचें अनुयायित्व जगतां यावें म्हणून, 'देवाचा दरबार' स्थापिला. द्रव्याची भूक असलेल्या माणसांचीं हीं कृत्यें नव्हेत. त्यांस हवी होती ती बरोबरी.

मग परदेशी माणसानें खेड्यांतील मंडळीकडे जाऊंच नये काय? अवश्य जावें. परंतु सतरंजीवर, सर्वांच्या ओळींत बसावें. पाळकाचा उपदेश समजून घेण्यासाठीं दुभाषा वापरावा. आपला ऐकविण्यासाठीं नव्हे. कोणाच्या दारिद्र्याचें छायाचित्र काढूं नये. कांहीं द्यावयाचेंच असेल तर तें पंचांच्या विचारानें द्यावें, आणि देणाराचें नांव भिंतीवर कोरूं नये. मायदेशीं परतल्यावर आपण काय दिलें याची यादी वाचण्याऐवजीं आपण काय शिकलों तें सांगावें. सांगण्यासारखें कांहींच नसेल, तर भेट वायां गेली असें खुशाल समजावें. आणि तो दोष त्या खेड्याचा खचित नव्हे.