ऐकू येणे आणि ऐकून घेणे

सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र आणि संध्याकाळी दूरचित्रवाणीवरील बातम्या, हा निवृत्तीनंतरचा माझा नित्यक्रम. गेली दोन-तीन वर्षे या बातम्यांविषयी माझी एक तक्रार दृढ होत चालली होती. निवेदकांचे उच्चार स्वच्छ नाहीत, चर्चेत सगळेच एकदम बोलतात, नव्या पिढीला स्पष्ट बोलण्याचे वळणच राहिलेले नाही. घरात २०२७ च्या सिंहस्थाचा विषय निघाला की मी सर्वांच्या आधी व सर्वांत मोठ्याने मत देत असे. इतरांचे मत विचारण्याची गरज मला वाटत नसे.

मे महिन्यात गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. शिक्षकी पेशात होतो तेव्हापासून मी तेथे जात आलो. कित्येक विषयांशी माझी पहिली ओळख त्याच पटांगणावर झाली. दोन वर्षांपूर्वी मी तेथे जाणे सोडले. “आता पूर्वीसारखे वक्ते राहिले नाहीत,” असे मी सर्वांना सांगितले आणि मला ते मनापासून खरे वाटत होते.

गेल्या दिवाळीत पुण्याहून नात आली होती. शाळेतील प्रकल्पाविषयी ती मला बराच वेळ काही सांगत होती. मी मधूनमधून मान डोलावीत होतो. ती गेल्यावर सौभाग्यवती समोर येऊन बसल्या. “अहो, तिने तुम्हाला प्रश्न विचारला होता. तुम्ही नुसते हसलात.” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “गेले वर्षभर मीसुद्धा तुमच्याशी कामापुरतेच बोलते, हे तुमच्या ध्यानात आले आहे का? प्रत्येक वाक्य दोनदा बोलण्याचे त्राण आता माझ्यात नाही.”

माझ्या ध्यानात आले नव्हते.

दुसऱ्याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. कानात मळ साचलेला नाही याची प्रथम खात्री झाली. मग आवाजबंद खोलीत ऑडिओमेट्री झाली. वयोमानानुसार येणाऱ्या बहिरेपणात उच्च कंपनसंख्येचे ध्वनी आधी हरपतात, असे डॉक्टरांनी आलेख दाखवून सांगितले. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने पुसट होतात, स्वर मात्र ऐकू येत राहतात. त्यामुळे माणूस बोलतो आहे हे कळते, काय बोलतो ते कळत नाही. लहान मुलांचे बोलणे आणि गोंगाटातील संभाषण यांचा अधिक त्रास होतो. म्हणूनच रुग्णाला आपण बहिरे झालो असे वाटत नाही. जग पुटपुटते आहे असे वाटते. माझी सारी तक्रार त्या आलेखावर उतरलेली होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, साठीपुढील लोकांत चौघांपैकी एकाहून अधिक जणांना दैनंदिन व्यवहार अडेल इतका श्रवणदोष असतो. ‘लॅन्सेट’च्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची जी १४ टाळता येण्याजोगी कारणे दिली आहेत, त्यांत श्रवणदोष आहे आणि एकाकीपणही आहे. अर्थात श्रवणयंत्र म्हणजे रामबाण नव्हे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांची तीन वर्षे पाहणी झाली. सर्वांचा एकत्र विचार करता बौद्धिक ऱ्हासात फरक दिसला नाही. मात्र ज्यांना मुळातच अधिक धोका होता, त्यांच्यातील ऱ्हासाचा वेग ४८ टक्क्यांनी मंदावला.

यंत्र लावल्यावर पहिले काही आठवडे कठीण गेले. वर्तमानपत्राचे पान उलटले तरी कानात खडखडाट होई. स्वयंपाकघरातील भांडी असह्य वाटत. यंत्र कपाटात ठेवून द्यावे, असा मोह अनेकदा झाला. रोज थोडा वेळ, आधी शांत खोलीत, मग चारचौघांत, असे करीत मेंदूला ती सवय पुन्हा लावावी लागली.

वाचकहो, आपल्या घरातील वडीलधारे टीव्हीचा आवाज वाढवू लागले, समारंभ टाळू लागले, विसंगत उत्तरे देऊ लागले, तर त्यांना हेकट म्हणण्याआधी कान तपासून घ्या. त्यांच्याशी ओरडून बोलू नका. समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोला. एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि माझ्या वयाच्या मित्रांनो, जग बिघडले असा निर्वाळा देण्यापूर्वी आपण ते नीट ऐकले का, हे एकदा पडताळून पाहा.

मी नातीला फोन केला आणि दिवाळीतला तो प्रश्न पुन्हा विचारायला सांगितले. तिचा प्रकल्प केव्हाच पूर्ण झाला होता. तरी तिने विचारले, “आजोबा, तुमच्या लहानपणी गोदावरीला पूर आला की पाणी किती चढले हे कसे कळायचे?” मी तिला दुतोंड्या मारुतीविषयी सांगितले. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याला लागले, असा निरोप घरोघर कसा पोहोचत असे, ते सांगितले. ती मध्ये मध्ये शंका विचारीत होती. एकही शंका मला दुसऱ्यांदा विचारायला सांगावी लागली नाही.

येत्या मे महिन्यात आम्ही दोघे पटांगणावर जाणार आहोत.