न फिरवलेली झडप

नियंत्रणकक्षाच्या पडद्यावर पाणी निळ्या रेषेसारखे दिसते आणि झडप दोन त्रिकोणांच्या चिन्हासारखी. जलशुद्धीकरण केंद्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे आम्ही कित्येक वर्षे याच चिन्हांत वावरत आलो. चिन्ह हिरवे असेल तर झडप उघडी, लाल असेल तर बंद, एवढे आमचे ज्ञान. ते किती अपुरे होते, हे आम्हाला एका साठीकडे झुकलेल्या फिटरने शिकवले.

अमेरिकेतील एका मध्यम आकाराच्या शहराच्या केंद्रात आम्ही नव्या प्रणालीच्या चाचणीसाठी गेलो होतो. जमिनीखालच्या पाइप गॅलरीत एक प्रवाहमापक बदलायचा होता. त्याच्या अलीकडची २० इंची बटरफ्लाय झडप बंद करण्याची आज्ञा पडद्यावरून दिली गेली. मोटर फिरली, चिन्ह लाल झाले. पाइपमधले उरलेले पाणी निघून जावे म्हणून खालची लहान तोटी उघडली. आता बोल्ट सैल करायचे, एवढेच उरले होते.

फिटरने पाना हाती घेतला नाही. त्याने पाइपवर तळहात ठेवला, तोटीकडे पाहिले आणि म्हणाला, "एवढ्या वेळात हा तुकडा रिकामा व्हायला हवा होता. पाणी अजून येते आहे. मी हा जोड उघडणार नाही." आम्ही पडद्याचा दाखला दिला. त्याने उत्तर दिले नाही. तो तोटीजवळ उभा राहिला. अखेर बऱ्याच अलीकडची दुसरी झडप बंद करून तो सगळा भाग बाजूला काढला, तेव्हा उलगडा झाला. झडपेची तबकडी दांड्याला ज्या पिनने जखडलेली असते ती पिन तुटली होती. मोटरने दांडा इमानाने फिरवला. दांड्याच्या टोकावरच्या स्विचने 'बंद' असा निरोप दिला. तबकडी मात्र होती तिथेच उघडी राहिली. जोड सैल केला असता तर त्या ठेंगण्या गॅलरीत दाबाखालचे पाणी कोसळले असते आणि आत तीन माणसे होती.

आमचे सॉफ्टवेअर खोटे बोलले नव्हते. ते दांड्याविषयी बोलत होते आणि आम्ही ते तबकडीविषयी बोलते आहे असे समजत होतो. त्या दिवसानंतर आम्ही झडपा शिकू लागलो. जे शिकलो त्यातले थोडे या वेळी वाचकांपुढे ठेवतो. कारण आपल्या मंडळींपैकी अनेक जण अशाच प्रणालींवर काम करतात, आणि ज्यांचा याच्याशी संबंध नाही त्यांच्याही तळघरात एखादी झडप असतेच.

बटरफ्लाय झडपेची रचना साधी आहे. पाइपच्या पोकळीत एक गोल तबकडी, तिच्या व्यासातून जाणारा दांडा, आणि कडेभोवती बहुधा रबराची सीट. दांडा पाव फेरा फिरला की आडवी उभी असलेली तबकडी प्रवाहाच्या दिशेत येते आणि वाट मोकळी होते. ही कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकात जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनातही अशीच फिरती पाकळी वाफ कमीजास्त करीत असे. मोठ्या व्यासाच्या पाइपसाठी ही झडप वजनाला हलकी, जागेला लहान आणि किमतीला परवडणारी, म्हणून पाणीपुरवठ्यात तिचा प्रसार झाला. पण साधेपणाची किंमत ती बसवताना मोजावी लागते. उघडी असतानाही तिची तबकडी प्रवाहाच्या मधोमध उभी असते आणि तिच्या दोन्ही कडा शेजारच्या पाइपमध्ये शिरतात. बसवणाराने हे विसरून चालत नाही.

दोन फ्लँजांच्या मध्ये पकडून बसवायची, सलग रबरी अस्तराची झडप घेऊ. पहिली गोष्ट म्हणजे फ्लँज पुरेसे दूर सारून झडप आत सरकवावी. फट अरुंद ठेवून ती ठोकत बसवली तर रबराची कड दुमडते आणि गळती पहिल्याच दिवसापासून सुरू होते. आत सरकवताना तबकडी जवळजवळ बंद असावी, म्हणजे तिची कड झडपेच्या अंगातच राहते आणि तिला ओरखडा पडत नाही. अशा झडपेचे अस्तरच जोड बंद करते; म्हणून सवयीने वेगळे गॅस्केट घालू नये. मग बोल्ट हाताने लावावेत, झडप मधोमध आणावी, आणि घट्ट करण्यापूर्वी तबकडी पूर्ण उघडून पाहावी. पाइपला आतून सिमेंटचे अस्तर असेल किंवा त्याची भिंत जाड असेल, तर तबकडीची कड तिथे अडते. हे आता कळले तर पाच मिनिटांचे काम. पाणी सोडल्यावर कळले तर दिवसाचे. त्यानंतर तबकडी उघडी ठेवूनच बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे करून आवळावेत. आणि झडप जागेवर असताना फ्लँजला वेल्डिंग कधीही करू नये. त्या उष्णतेने रबर जळते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

जागेचीही निवड असते. बाकाच्या किंवा पंपाच्या अगदी पुढे पाणी घुसळत असते. ते तबकडीला सतत हेलकावे देते आणि दांडा, पिन, बेअरिंग झिजवते. आमच्या त्या झडपेची पिन तुटण्याचे कारण हेच निघाले. ती बाकाला खेटून बसवलेली होती. पाइपच्या व्यासाच्या निदान पाच-सहा पट सरळ लांबी मध्ये सोडावी, असा संकेत आहे. पाण्यात गाळ असेल तर दांडा उभा न ठेवता आडवा ठेवावा. उभ्या दांड्याचे खालचे बेअरिंग गाळाने भरते. आडव्या दांड्याच्या झडपेत तबकडीची खालची कड प्रवाहाच्या दिशेने उघडेल असे पाहिले, तर गाळ आपोआप वाहून जातो.

चालवण्याचे नियम याहून थोडे. झडप अर्धवट, अगदी किंचित उघडी ठेवून दिवसेंदिवस प्रवाह आवळू नये. फटीतून वेगाने निघणाऱ्या पाण्यात बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि सीट व तबकडी खाऊन टाकतात. ती झटकन बंद करू नये. पाव फेऱ्याची झडप एका हिसक्यात बंद करण्याचा मोह होतो. परंतु पोलादी पाइपमधून सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारे पाणी एकाएकी थांबवले, तर दाब सुमारे १० बारने उसळतो, म्हणजे १०० मीटर उंच पाण्याचा स्तंभ क्षणात अंगावर येतो. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्की यांनी १८९८ मध्ये याचे गणित मांडले. मोठ्या झडपांना गिअरबॉक्स असतो तो केवळ जोर वाचवण्यासाठी नव्हे, हात सावकाश चालावा म्हणूनही. आणि माणूस पाइपच्या किंवा टाकीच्या आत उतरणार असेल, तर एका बंद झडपेवर विसंबू नये. अमेरिकेत १९८९ पासून यंत्राला कुलूप व चिठ्ठी लावण्याचा नियम आहे आणि बंदिस्त जागेत उतरण्याचा वेगळा नियम १९९३ चा आहे. त्यात मार्ग तोडणे म्हणजे पाइपमध्ये आंधळी चकती घालणे, पाइपचा तुकडा काढून तोंडे वेगळी करणे, किंवा दोन झडपा बंद करून मधला भाग बाहेर मोकळा करणे. फिटरने तोटीकडे पाहिले तेव्हा तो हाच नियम पाळत होता.

सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट मात्र ही: झडप अधूनमधून फिरवावी. वर्षातून निदान एकदा ती पूर्ण बंद करावी, पूर्ण उघडावी, किती फेरे लागले ते लिहून ठेवावे. न फिरवलेली झडप गंजते, तिच्यावर क्षार चढतात, रबर धातूला चिकटते. आणि ज्या दिवशी तिची गरज पडते त्याच दिवशी ती हलत नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण न्यूयॉर्क शहरात आहे. १९१३ च्या जुलैमध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात आले, तेव्हा शहराखालच्या खडकात पहिल्या जलबोगद्याचे काम चालू होते. त्याची वाट विद्यापीठाला लागून असलेल्या मॉर्निंगसाइड पार्कखालून जाते. पाणी कॅट्सकिल डोंगरातल्या अशोकन जलाशयातून येणार होते. हे नाव ऐकून आपल्याला सम्राट अशोक आठवतो. पण ते तिथल्या आदिवासींच्या भाषेतले आहे आणि साम्य निव्वळ योगायोगाचे. त्या जलाशयासाठी सुमारे दोन हजार माणसांना गावे सोडावी लागली. ते बांधणाऱ्या इटालियन आणि कृष्णवर्णीय मजुरांच्या छावण्या एकमेकांपासून वेगळ्या ठेवल्या होत्या. बाबासाहेब १९१६ मध्ये लंडनला गेले. बोगदा १९१७ मध्ये सुरू झाला. दुसरा १९३६ मध्ये.

शहराला रोज सुमारे १०० कोटी गॅलन पाणी लागते. त्यामुळे हे बोगदे बंद करून आत पाहण्याची सोय कधी झालीच नाही. १९५४ मध्ये अभियंते पहिल्या बोगद्याची झडप तपासायला खाली उतरले. चाक फिरवू लागताच ते थरथरू लागले. झडप बंद झाली आणि पुन्हा उघडलीच नाही तर काय, या धास्तीने त्यांनी हात मागे घेतला. झडप होती, ती बंद करण्याचे धैर्य उरले नव्हते. त्या धास्तीचे उत्तर म्हणून १९७० मध्ये तिसऱ्या बोगद्याचे काम सुरू झाले. त्याचा पहिला टप्पा १९९८ मध्ये वाहू लागला, मॅनहॅटनचा टप्पा २०१३ मध्ये; उरलेले काम अजून चालू आहे. व्हॅन कोर्टलँड पार्कखाली झडपांसाठी खडकात प्रशस्त दालन खोदले आहे. तिथले पाणी ९६ इंची नळांत विभागते आणि एकेक नळ स्वतंत्र बंद करून त्यावरच्या झडपा दुरुस्त करता येतात; बोगदा थांबवावा लागत नाही. या तिसऱ्या बोगद्यासाठी वीसहून अधिक जणांनी प्राण गमावले. देखभालीची सोय मुळात ठेवली नाही तर पुढच्या पिढ्यांना ती किती महाग पडते, याचा हिशेब या बोगद्यात आहे.

हे वाचताना आम्हाला आमचे थोरले काका आठवले. ते मराठवाड्यातल्या एका गावात व्हॉल्व्हमन होते. सायकलच्या दांडीला लांब लोखंडी चावी बांधून पहाटे चार वाजता निघत. ज्या घराण्याला गावच्या आडावर पोहरा सोडता येत नव्हता, त्या घराण्यातला माणूस साऱ्या गावाला पाणी सोडीत असे. १९२७ च्या २० मार्चला महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर हक्काची मोहोर उमटवली. काकांच्या हातातली चावी त्याच वाटेने आली होती. तरीही आमच्या वस्तीची पाळी शेवटची असे, आणि तोवर टाकीचा दाब उतरलेला असे.

काकांना यावर भाषण करता येत नव्हते. ते वही ठेवीत. कोणती झडप किती फेऱ्यांत बंद होते, कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी गेले, हे पेन्सिलीने लिहीत. झडप बंद केल्यावर चावीच्या वरच्या टोकाला कान लावून आतले पाणी खरेच थांबले का, ते ऐकत. लहानपणी आम्हाला तो खेळ वाटे. पुढे हीच वही वस्तीतल्या लोकांनी अर्जासोबत जोडली. तक्रार आहे असे म्हणण्याऐवजी महिनाभराची मिनिटे मांडली, आणि पाळी बदलली. आम्ही नोकरीला लागल्यावर काकांना विचारले होते, "काका, आता हे सगळे कॉम्प्युटरवर होईल." ते म्हणाले, "होऊ दे रे. पण कान कोण लावणार?" त्या वेळी आम्ही हसलो होतो. गॅलरीत त्या फिटरने पाइपवर हात ठेवला, तेव्हा उत्तर समोर होते.

परत आल्यावर आम्ही पडदा बदलला. आता 'बंद' हा शब्द केवळ स्विचच्या निरोपावर उमटत नाही. पलीकडचा दाब उतरला का, प्रवाह शून्यावर आला का, आणि बंद होताना शेवटच्या क्षणी मोटरला रबराचा अडसर जाणवला का, हे तिन्ही जुळावे लागते. पिन तुटलेली असेल तर तो अडसर जाणवतच नाही. काही जुळले नाही तर पडदा 'खात्री नाही' असे म्हणतो. या शब्दांना सुरुवातीला विरोध झाला. ग्राहकाला असे दाखवू नये, असे सुचवले गेले. आम्ही तो बदलला नाही. खाली उतरणाऱ्या माणसाला खोट्या खात्रीपेक्षा खरी शंका अधिक उपयोगी पडते.

वाचकांना एक विनंती. या आठवड्यात घराची मुख्य झडप कुठे आहे ते शोधावे. बहुधा ती तळघरात किंवा पाण्याच्या मीटरजवळ असते. पाव फेऱ्याची असेल तर सावकाश बंद करून, नळ उघडून पाणी खरेच थांबते का ते पाहावे. जुनी, अनेक फेऱ्यांची असेल आणि हलत नसेल, तर जोर न लावता प्लंबरला बोलवावे. घरातल्या मुलांनाही ती जागा दाखवावी. आणि विहाराच्या इमारतीत ते काम कोणाकडे आहे, हे विचारावे. बहुतेक ठिकाणी ते कोणाकडेच नसते.

जय भीम.